जुन्या दगडी गोठ्याची दुरुस्ती: भिंतीला हात लावण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोराईतील एका कुटुंबाच्या वाडीत पणजोबांच्याही आधीपासूनची म्हणून सांगितली जाणारी दगडी इमारत आहे. खाली गोठा आणि वर माळ्यावर भाताचे कोठार. गुरे गेली, भातशेती थांबली. रस्त्याकडच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि त्यानंतर आतल्या बाजूने कमरेएवढ्या उंचीपर्यंत दगडाचे पापुद्रे सुटू लागले. ठेकेदाराचा सल्ला असा की गनायटिंग करावे, म्हणजे भिंतीवर सिमेंटचा जाड थर दाबाने मारावा, नाहीतर इमारत पाडून आरसीसीचा सांगाडा उभारावा आणि बाहेरून तोच दगड चिकटवावा. एका दगडावर क्रूस कोरलेला असल्यामुळे घरच्यांना इमारत पोर्तुगीज काळातली वाटते. कौलांवर मात्र १८६५ हे साल आहे. मुलीने इंग्लंडमधील दगडी धान्यकोठारांची राहती घरे झालेली पाहिली आहेत आणि आपल्याकडे तसे करता येईल का, असे तिने विचारले आहे. इमारत वारशात मोडते का, हाही प्रश्न आहे.

पाठवलेल्या छायाचित्रांवरून एवढे निश्चित सांगता येते की पाडण्याचे कारण दिसत नाही आणि गनायटिंग तर मुळीच करू नये. भिंती ओळंब्यात आहेत, कोपऱ्यांचे मोठे घडीव दगड जागचे हललेले नाहीत आणि भेगा आहेत त्या गिलाव्यात आहेत, भिंतीत नाहीत. बिघाड पाण्याचा आहे. त्याकडे येण्यापूर्वी इमारतीच्या वयाबद्दल आणि घडणीबद्दल लिहितो, कारण दुरुस्ती कशाची करायची आणि काय तसेच ठेवायचे, हे त्यावरच ठरते.

कौलांवरच्या १८६५ या आकड्याने आजवर अनेक घरमालकांची फसगत केली आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल. कारखाना पुढे कित्येक दशके आपल्या कौलांवर ते उमटवत राहिला. त्यामुळे तुमचे छप्पर १८६५ च्या आधीचे नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि ते शाकारले गेले असेल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शिवाय छप्पर म्हणजे भिंत नव्हे. कोकण किनाऱ्यावर मंगलोरी कौले येण्यापूर्वी कुंभारी नळीची कौले किंवा पेंढा, झावळ्या यांची शाकारणी असे, आणि जुन्या भिंतींवर नवे छप्पर चढवणे नित्याचे होते. तुमच्या त्रिकोणी भिंतीच्या वरच्या भागात दगडाचे दोन-तीन थर वेगळ्या आकाराचे दिसतात. छपराचा उतार बदलताना ते चढवले असण्याची शक्यता आहे. तिथला चुना आणि खालचा चुना शेजारी शेजारी ठेवून तपासून घ्यावा.

क्रुसाचेही तसेच. साष्टी बेट, म्हणजे आजची मुंबईची उपनगरे आणि ठाण्याचा परिसर, १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले, १७३९ मध्ये मराठ्यांनी ते घेतले आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. परंतु राज्ये बदलली तरी इथला ख्रिस्ती शेतकरी आपल्या गावीच राहिला आणि आपल्या दारावर क्रूस कोरत राहिला. त्यातून, पडक्या इमारतीचा घडीव दगड नव्या भिंतीत बसवणे ही आपल्याकडची नेहमीची रीत असल्यामुळे, एका कोरीव दगडावरून आख्ख्या भिंतीचे वय काढू नये. त्यापेक्षा दगडांच्या कडा पाहाव्यात. छिन्नीने ओळीत पाडलेल्या पाचरीच्या खाचा दिसल्या तर दगड पाचर ठोकून फोडलेला आहे; अर्धगोल लांब चर दिसला तर तो सुरुंग लावून काढलेल्या खाणीतला आहे. मूळ दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, चुन्यात शिंपल्यांचे न जळलेले कण सापडले तर किनाऱ्यावरच्या भट्टीतला चुना वापरला असे समजावे. भिंतीच्या गाभ्यापर्यंत सिमेंट असेल तर ती भिंत बहुधा विसाव्या शतकातली, कारण पोर्टलंड सिमेंटचे उत्पादन आपल्या देशात १९१४ च्या सुमारास पोरबंदरला सुरू झाले आणि खेड्यातल्या गोठ्यापर्यंत ते पोहोचायला आणखी वेळ लागला. माझा कल तुमची इमारत एकोणिसाव्या शतकातली मानण्याकडे आहे. पोर्तुगीज काळाचा आग्रह सोडावा. त्याने इमारतीचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

महत्त्व आहे ते ही शेतीची इमारत असण्यात. मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले. परंतु साष्टीतली भातशेती, तिचे गोठे, खळी, बांध आणि विहिरी यांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, आणि त्या आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. म्हणून अशी इमारत शैलीवरून पाहू नये, कामावरून वाचावी.

पहिली गोष्ट म्हणजे तिचा लहान आकार. इंग्लंडमधली कोठारे अवाढव्य असतात याचे कारण हवामान आहे. तिथे पीक पेंढ्यांसह आत रचून ठेवत आणि हिवाळाभर छपराखाली झोडत. समोरासमोरची दोन मोठी दारे उघडली की मधल्या फरशीवरून वारा वाहे आणि त्यावर उफणणी होई. आपल्याकडे भात कापणीला येते तेव्हा पाऊस संपलेला असतो. उडवी बाहेर रचता येते, झोडणी खळ्यावर होते आणि उफणणीला समुद्रावरचा वारा आयताच मिळतो. छपराची गरज उरते ती झोडलेल्या भाताला, पावसाळ्याच्या वैरणीला आणि गुरांना. म्हणजे आपला गोठा-कोठार मुळात चार महिन्यांच्या पावसासाठी बांधलेला असतो, आणि त्याचा प्रत्येक भाग त्या पावसाला दिलेले उत्तर आहे. उंच जोते, खोल वळचण, वाऱ्याच्या बाजूला जवळजवळ आंधळी भिंत आणि आडोशाच्या बाजूला रुंद दार, हे सगळे तुमच्या छायाचित्रांत आहे. समोरची मोकळी जागा, जिथे आता पेव्हर ब्लॉक बसवले आहेत, ती बहुधा खळ्याची होती. तिथले दोन-चार ब्लॉक काढून खाली चोपलेली जमीन सापडते का ते अवश्य पाहावे.

आत पाहिले तर भिंतीतले अरुंद झरोके बाहेरून चार बोटे आणि आतून हातभर रुंद आहेत. त्यांतून हवा खेळते, पण पावसाची झड आत येत नाही. शिवाय वाऱ्याचा झोत थेट गुरांच्या अंगावर न येता पसरतो. त्यांपैकी तीन विटांनी बुजवलेले दिसतात. ते उघडणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी दुरुस्ती ठरेल. दगडी गव्हाण, भिंतीत ओतलेल्या लोखंडी कड्या, गुरांच्या अंगाने गुळगुळीत झालेला खांब आणि मोरीकडे उतार दिलेली फरसबंदी, ज्यातून गोमूत्र बाहेरच्या खतखड्ड्याकडे जाई, या गोष्टी ठेकेदाराच्या यादीत काढून टाकायच्या म्हणून लिहिलेल्या आहेत. माझ्या यादीत त्या जपायच्या गोष्टींमध्ये सर्वांत वर असतील. फरशी सपाट करून घेण्याचा मोह आवरावा.

आता दगडाविषयी. मुंबईचा दगड म्हटले की काळा बेसॉल्ट डोळ्यांसमोर येतो. पण गोराई, मनोरी, मढ या पट्ट्यात ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट जातीचा फिकट, पिवळसर खडक आहे. मालाडचा प्रसिद्ध पिवळा दगडही ट्रॅकाइटच; छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत तो कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टबरोबर वापरलेला आहे. तुमच्या भिंतीत दोन्ही जातींचे दगड आहेत: जोते आणि कोपरे काळ्या दगडाचे, मधला भाग फिकट दगडाचा. हे रंगासाठी केलेले नाही. घट्ट बेसॉल्ट पाणी जवळजवळ शोषत नाही म्हणून तो जमिनीलगत घातला; फिकट दगड घडवायला सोपा म्हणून वर. पापुद्रे निघत आहेत ते या फिकट दगडाचे, आणि नेमके जोत्याच्या वरच्या थरांपासून.

भिंत दीड-दोन फूट जाड आहे, पण ती सलग दगडाची नाही. आत-बाहेर दोन पडदे आणि मध्ये चिपा, माती आणि चुना यांचा गाभा अशी तिची रचना असते. दोन्ही पडदे एकत्र राहतात ते मधूनमधून आरपार घातलेल्या लांब दगडांमुळे. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला समान उंचीवर दिसणारी दगडांची तोंडे ही त्यांची खूण. ठेकेदाराने सुचवलेल्या दगड चिकटवण्याच्या कामात हे दगड कापून त्यांच्या पातळ चकत्या कराव्या लागतील. त्यानंतर उरेल ती दगडी भिंत नसून दगडाचा मुलामा चढवलेली काँक्रीटची भिंत असेल.

पाण्याकडे येतो, कारण सगळा बिघाड तिथेच आहे. जुनी भिंत पावसात ओली होते आणि पाऊस सरला की चुन्याच्या दर्जांतून सुकते. चुना दगडापेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र असल्यामुळे ओल त्याच्यातून बाहेर पडते. झीज झालीच तर चुन्याची होते, आणि दर्जा काही दशकांनी पुन्हा भरता येतात. सिमेंटचा गिलावा ही व्यवस्था उलटी करतो. तो कठीण असतो, दगडाबरोबर आकुंचन-प्रसरण पावत नाही, म्हणून त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पावसाचे पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. बाहेरची बाजू बंद झाल्यावर ओल आतल्या बाजूने निघू लागली आणि तिने क्षार बरोबर आणले. यालाच आपण लोणा म्हणतो. पाणी उडून जाते, क्षाराचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली वाढतात आणि ती कातडी सोलून काढतात.

गोठ्याच्या भिंतीत हा क्षार केवळ समुद्राच्या मिठाचा नसतो. पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या गोमूत्रातील नत्राचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि अशा जमिनीतून पूर्वी तोफेच्या दारूसाठी सोरा काढला जाई. नायट्रेटचा एक विशेष गुण असा की ते हवेतली बाष्पे ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात भिंतीवर ओले काळपट डाग उमटतात, घरच्यांना वाटते की कुठून तरी पाणी झिरपते आहे आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावले जाते. प्रत्यक्षात थेंबभरही पाणी झिरपत नसताना भिंत ओली दिसू शकते. पुढे हिवाळ्यात हवा कोरडी झाली की स्फटिक तयार होतात, आणि पापुद्रे सुटतात ते तेव्हा. तुम्ही लिहिले आहे की पडझड दिवाळीनंतर वाढते. ते याला धरूनच आहे. अशा भिंतीवर सिलिकोन, इपॉक्सी किंवा कोणताही रंग लावणे म्हणजे क्षार आत कोंडून ठेवणे. गनायटिंगमध्ये जाळी बांधून सिमेंटचा जाड थर दाबाने मारतात. तो एकदा बसला की दगडाचे तोंड सोबत आल्याशिवाय निघत नाही, म्हणून त्याला माझा एवढा ठाम विरोध.

यापेक्षाही दुर्लक्षित राहिलेली गोष्ट रस्त्याची आहे. मुंबईत दर डांबरीकरणाला रस्ता काही इंच वर येतो. तुमच्या जुन्या छायाचित्रात दाराला तीन पायऱ्या आहेत. आजच्या छायाचित्रात एक. म्हणजे दोन पायऱ्यांएवढे जोते जमिनीत गाडले गेले, पावसाचे पाणी काळ्या दगडाऐवजी फिकट दगडाला भिडू लागले, आणि अंगणातले पेव्हर ब्लॉक भिंतीला चिकटवून बसवल्यामुळे जमिनीतली ओल भिंतीखेरीज अन्यत्र निघेनाशी झाली. ज्या शहरात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तिथे जोत्याची उंची हीच इमारतीची पहिली संरक्षक रेषा असते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. भिंतीपासून निदान दोन फुटांपर्यंतचे ब्लॉक काढावेत आणि जोते मूळ पातळीपर्यंत मोकळे करून उथळ चर खणावा. तो पायाच्या तळाखाली जाऊ देऊ नये, त्यात खडी भरावी आणि त्याला उतार देऊन पाणी विहिरीपासून दूर काढावे. त्यानंतर छप्पर: फुटकी कौले बदलणे, पन्हळी दुरुस्त करणे, वळचण मूळच्याइतकी बाहेर आणणे. त्यानंतरच सिमेंटचा गिलावा काढावा. तो हातोडी-छिन्नीने, पोकळ वाजणाऱ्या जागांपासून सुरुवात करून सोडवावा. ब्रेकर मशीन लावू देऊ नये. जिथे तो दगडाला घट्ट धरून आहे तिथे सोडून द्यावा, काही पावसाळ्यांनी तो आपोआप सुटतो. मग एक संपूर्ण वर्ष भिंतीला सुकू द्यावे. मालकांना हा सल्ला सर्वांत नकोसा वाटतो आणि ठेकेदारांना तर त्याहून नकोसा, पण ओल्या भिंतीवर केलेले काम टिकत नाही.

दर्जा भरण्यासाठी चुना निवडताना बाजारातली पांढरी फक्की घेऊन भागणार नाही. कळीचा चुना पाण्यात विझवून, गाळून, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू हे साधारण प्रमाण. जोत्याजवळ, जिथे ओल कायम राहते, तिथे थोड्या वाळूच्या जागी चांगल्या भाजलेल्या विटेची सुर्खी घालावी, म्हणजे चुना ओलाव्यातही आवळतो. खाडीची वाळू कोणी देऊ केली तर नाकारावी, तिच्यात मीठ असते. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची रीत अनेक गवंडी सांगतील. त्याने चुना कामाला बरा होतो, परंतु उडीद, मेथी, बेलफळ अशी लांबलचक यादी ऐकवून जादा पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. आधी पाहावे ते त्याने चुना किती दिवस मुरवला आहे. काम दसऱ्यानंतर सुरू करून उन्हाळा कडक होण्यापूर्वी संपवावे आणि भरलेल्या दर्जांवर आठवडाभर ओली गोणपाटे ठेवावीत, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि त्याला त्यासाठी ओलावा लागतो. आतल्या बाजूला, कमरेइतक्या उंचीपर्यंत, चुना-वाळूचा मऊ गिलावा द्यावा. तो क्षार स्वतःत घेईल आणि काही वर्षांत खराब होईल; तो काढून पुन्हा करावा. दगड वाचवण्यासाठीच तो दिलेला असतो.

छपराच्या लाकडाबद्दल थोडेच सांगतो. तुळया सागाच्या दिसतात आणि मधोमध चांगल्या आहेत. भिंतीत शिरलेली टोके तेवढी टोचणीने तपासावीत. टोक कुजले असेल तर तेवढेच कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो, संपूर्ण तुळई बदलावी लागत नाही. लाकूड बसवताना त्याच्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी. मंगलोरी कौले काढताना क्रमाने उतरवून, वाजवून पाहून, चांगली पुन्हा वापरावीत.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर होकारार्थी आहे, मात्र इंग्लंडचा अनुभव दोन्ही बाजूंनी पाहावा. ऑक्सफर्डशायरमधील ग्रेट कॉक्सवेलचे दगडी कोठार तेराव्या शतकाच्या अखेरीस सिस्टर्शियन मठाच्या शेतीसाठी बांधले गेले. सुमारे १५२ फूट लांब आणि आत सलग मोकळे. आज ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि त्यात खोल्या पाडलेल्या नाहीत. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसला ते अतिशय प्रिय होते. जुन्या इमारती खरवडून नव्यासारख्या करण्याच्या फॅशनविरुद्ध त्याने १८७७ मध्ये संस्था काढली, आणि बदलण्यापेक्षा सांभाळण्याचा तिचा आग्रह आजही आमच्या व्यवसायात मार्गदर्शक मानला जातो. याउलट, घरे झालेल्या कित्येक कोठारांत मजले, खिडक्या आणि धुराडी घालताना कोठारपण उरलेच नाही. तुमच्या इमारतीत अभ्यासिका, ग्रामवस्तूंचे लहान दालन किंवा बैठकीची जागा सहज बसेल, कारण या सगळ्यांना एकच मोठी खोली पुरते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मात्र आत घेऊ नये. मागच्या बाजूला, भिंतीला न टेकणारी स्वतंत्र पडवी बांधून तिथे ते करावे. वातानुकूलन टाळावे, झरोके उघडल्यावर त्याची गरज किती उरते ते एक उन्हाळा पाहून ठरवावे.

राहिला वारसा यादीचा प्रश्न. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे. तिच्यात इमारतींचे पहिली, दुसरी आणि तिसरी अशा श्रेणींत वर्गीकरण होते आणि यादीतील इमारतींच्या कामाला वारसा संवर्धन समितीचे मत लागते. तुमची इमारत यादीत आहे का, हे महापालिकेच्या वारसा कक्षात मालमत्ता पत्रकाच्या आधारे तपासता येते. ती यादीत नसली तरी वर सांगितलेली दुरुस्ती करण्यास अडचण येऊ नये. परंतु गोराईत किनारपट्टी नियमन क्षेत्राची बंधने लागू होत असल्यामुळे मागची पडवी बांधण्यापूर्वी परवानगीची चौकशी जरूर करावी. मंडपेश्वर किंवा जोगेश्वरीच्या लेण्यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकाजवळ अशीच इमारत असलेल्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की स्मारकापासून १०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरांत नियमन आहे, आणि दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्यावी लागते.

गिलाव्याला पहिला घाव बसण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे समोरून, पट्टी लावून छायाचित्र घ्यावे आणि झरोके, कड्या, गव्हाणी यांची मापे नकाशावर लिहावीत. ठेकेदार निवडताना त्याच्याकडून मागच्या भिंतीवर, सहजी न दिसणाऱ्या जागी, एक चौरस मीटर नमुना करून घ्यावा. त्यात गिलावा काढणे, दर्जा खरवडून मोकळ्या करणे आणि चुना भरणे अशी तिन्ही कामे असावीत. महिनाभराने दर्जेत नख घालून पाहावे. चुना भुगा होऊन पडत असेल तर तो लवकर सुकला किंवा नीट मुरला नव्हता. नख अजिबात उमटत नसेल आणि रंग राखाडी असेल, तर त्यात सिमेंट मिसळले आहे आणि त्या ठेकेदाराला पुढचे काम देऊ नये.